झाबुआची बस आणि साईनाथ

पत्रकार पी. साईनाथ म्हटलं की पुष्कळांना विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांच्या बातम्या आठवतात. त्या तर आहेतच, पण आम्हा इंदूरकरांना त्यांची ओळख त्याआधीची, मध्य प्रदेशातल्या झाबुआमुळे.

१९९३ साली 'ब्लिट्झ' साप्ताहिकातलं डेप्युटी एडिटरचं पद सोडून ते 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या फेलोशिपवर देशातल्या सर्वांत गरीब जिल्ह्यांत हिंडायला निघाले, त्यात आमच्या शेजारचा झाबुआही होता. मी तेव्हा कॉलेजात. गंगवाल बसस्टँडवर झाबुआची गाडी लागायची. टपावर गाठोडी, आत पायाशी पोरं आणि कुदळी. मजुरीसाठी ये-जा करणारी ती माणसं रोज बघायचो, पण ही 'बातमी' आहे असं कधी डोक्यात आलं नाही. (बाबांच्याही नाही, आणि ते सकाळी पोह्यांबरोबर दोन पेपर संपवायचे!)

२००७ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला ते ठीकच. मला मात्र त्यांचं २००९ चं काम जास्त धाडसी वाटतं. महाराष्ट्र विधानसभेच्या निवडणुकीत एका बड्या नेत्याची स्तुती तीन स्पर्धक मराठी दैनिकांत अक्षरशः एकाच मजकुरात छापून आली होती. ही पैसे घेऊन छापलेली 'बातमी' असावी हे दाखवायला साईनाथांनी कात्रणं शेजारी शेजारी ठेवली, आणि त्याच नेत्याने उमेदवार म्हणून निवडणूक खर्चात वृत्तपत्रीय जाहिरातींपुढे दाखवलेला आकडाही काढला: ५,३७९ रुपये. सरकारविरुद्ध लिहिणारे पुष्कळ असतात हो, स्वतःच्याच धंद्याचा हिशेब मांडणारे किती?