काडाच्या गठ्ठ्यांचं घर बांधतोय, नकाशा बघून सांगा

तापीकाठ: राम राम मंडळी. चोपड्याजवळ मळ्यात घर बांधायचंय, आम्ही सहा जण, आई-आबा, आम्ही दोघं अन् दोन पोरं. गव्हाच्या काडाचे बेलर मशीननं दाबून बांधलेले गठ्ठे रचून भिंती करायचं ठरवलंय, कारण मे महिन्यात पत्र्याखाली आबांचे हाल बघवत नाहीत, ४४-४५ डिग्रीत ते दुपारभर ओला पंचा डोक्यावर टाकून निंबाखाली बसून असतात. बाहेरून ३० बाय ४० धरलंय, मधे हॉल, दोन्हीकडे दोन-दोन खोल्या, पश्चिमेला किचन अन् त्याला लागून बाथरूम. आबांचं एकच म्हणणं, ओटा मोठा पाहिजे. काही चुकतंय का?

अमळनेरकर: भाऊ, आधी भिंतीची जाडी धरा. गठ्ठा दीड फूट रुंद, म्हणजे ३० बाय ४० मधून आत २७ बाय ३७ उरतं, १२०० स्क्वेअर फुटातले २०० भिंतीतच गेले, वरून गिलावा वेगळाच. म्हणून आतून खोल्या मोजा अन् मग बाहेर या. आतल्या भिंतींना गठ्ठे वापरू नका, चार इंची वीट नाहीतर तुराट्यांचा कुड लिंपून घ्या. कोपरे जेवढे कमी तेवढं बरं, खिडक्या कोपऱ्याला चिकटवू नका. आणि काळी माती असेल तर पाया मुरुम लागेपर्यंत न्या, जोतं दोन फूट तरी उचला.

शेतातली_ताई: दादा, बाथरूम तिथून हलवाच. आम्ही शेतात एक खोली अशी बांधली तेव्हा बाथरूमची एक भिंत गठ्ठ्यांचीच ठेवली, टाइल्स लावल्या की झालं असं वाटलं. नळाचा सांधा आतून झिरपत होता ते कळलंच नाही, पुढे पलीकडच्या खोलीत कुबट वास यायला लागला म्हणून फोडलं तर काड काळं पडून शेणासारखं मऊ झालेलं, हात लावला तर कोमट. आता बाथरूम विटांचं, घरापासून सुटं, मधे पडवी. किचनचं सिंक पण विटांच्या भिंतीवरच घ्या. बाहेरून सिमेंटचा गिलावा बिलकुल नको, ओल आत कोंडते, माती किंवा चुनाच लावा.
पश्चिमेला खिडकी ठेवू नका, सलग भिंत अन् तिच्यापुढे ओटा, वर छप्पर चार फूट तरी पुढे. दुपारचं ऊन तिथेच अडेल, नैऋत्येचा पाऊस पण भिंतीला झोडपणार नाही. आबांचं बरोबर आहे!

तापीकाठ: ताई, बरं झालं सांगितलं. घरात काका म्हणताहेत ही नवी फॅडं आहेत, पावसात टिकणार नाही.

अमळनेरकर: नवं नाहीये. अमेरिकेत नेब्रास्कात लाकूड मिळेना म्हणून शंभर वर्षांपूर्वीच लोकांनी अशी घरं बांधली, तिथल्या आर्थर गावचं १९२८ चं गठ्ठ्यांचं चर्च अजून उभं आहे. पण तिकडच्यापेक्षा आपला पावसाळा वेगळा, म्हणून आधी खांब अन् छप्पर उभं करा, गठ्ठे त्याखाली कोरडे रचा. थ्रेशरचं कुटार चालत नाही, अख्खं काड लागतं. अन् गिलावा होईपर्यंत सुटं काड रोज झाडून लांब टाका, एका विडीनं पेटेल.

तापीकाठ: काल फक्कीनं वावरात आतल्या मापानं आखून बघितलं, बाथरूम पूर्वेला सुटं घेतलंय. एक खोली कमी झाली, पण ओटा पश्चिमेला चाळीस फूट निघतोय, आबा संध्याकाळी खाट तिथे टाकून बसले होते.