मदत हवी आहे : ४.५ मिमी एअर रायफलमधून ५० मीटरवर स्लग – दोष पिळाचा, चोकचा की मापाचा?

जाणकार मंडळींना नमस्कार. मी अंबाजोगाई तालुक्यात राहतो आणि गेली सहा वर्षे स्वतःच्या शेतात कागदी लक्ष्यावर एअर रायफलचा सराव करतो. पाखरांवर किंवा जनावरांवर मी कधीही नेम धरलेला नाही आणि धरणारही नाही. लक्ष्यामागे चाळलेल्या काळ्या मातीने भरलेल्या पोत्यांची दुहेरी भिंत आहे. पूर्वी तेथे विहिरीच्या खोदकामातून निघालेल्या मुरुमाचा ढीग होता. परंतु दगडावर आपटून शिसे उलटे येण्याची भीती असल्याने मी तो हटवला.

माझी रायफल पीसीपी प्रकारची (टाकीत आधीच दाबाने हवा भरलेली), प्रत्येक वेळी हवेचा दाब सारखा ठेवणारा रेग्युलेटर असलेली आणि ४.५ मिमी कॅलिबरची आहे. शस्त्र नियम २०१६ नुसार परवान्याशिवाय बाळगता येणाऱ्या एअर रायफलसाठी २० जूलची मर्यादा आहे आणि ती मला कोणत्याही परिस्थितीत ओलांडायची नाही. हे आरंभीच सांगण्याचे कारण असे की, स्लगविषयी (छऱ्याऐवजी वापरायची दंडगोल आकाराची शिशाची गोळी) कोणालाही विचारले की पहिला सल्ला शक्ती वाढवण्याचा मिळतो. तो मार्ग माझ्यासाठी बंद आहे असे समजूनच कृपया उत्तर द्यावे.

२५ मीटरवर नेहमीच्या कमरेत बारीक असलेल्या छऱ्यांनी मी पूर्ण समाधानी आहे. अडचण ५० मीटरवर येते. पाच गोळ्यांचा एक असे दहा ग्रुप (ग्रुप म्हणजे लक्ष्यावरील छिद्रांचा पसारा) मी प्रत्येक प्रकारच्या गोळीचे घेतले, तेही तीन वेगवेगळ्या दिवशी पहाटे, वारा उठण्यापूर्वी, कारण आमच्याकडे वैशाखात सकाळी नऊनंतर माळावर वारा थांबतच नाही. मोजणी छिद्राच्या मध्यापासून मध्यापर्यंत केली आहे. ८.४४ ग्रेनचा (एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम), ४.५२ मिमी डोक्याचा छर्रा सेकंदाला २६२ मीटर वेगाने, म्हणजे सुमारे १८.८ जूल शक्तीने बाहेर पडतो. त्याचा सरासरी ग्रुप २५ मीटरवर ९ मिमी आणि ५० मीटरवर ३२ मिमी आला. अंतर दुप्पट झाले, पण विखुरणे साडेतीन पट झाले. छर्रा त्याच्या झालरीवरील (मागच्या पसरट, पोकळ भागावरील) हवेच्या ओढीमुळे सरळ राहतो आणि वेग झपाट्याने गमावतो, त्यामुळे दूर अंतरावर असे होणे स्वाभाविक आहे असे मी समजतो.

एका स्नेह्यांनी दोन प्रकारच्या स्लगचे डबे दिले, दोन्ही ४.५० मिमी व्यासाचे. १० ग्रेनचा स्लग २४१ मीटर वेगाने गेला आणि त्याचा ग्रुप २५ मीटरवर १५ मिमी, तर ५० मीटरवर ३३ मिमी आला. १३ ग्रेनचा स्लग २१३ मीटर वेगाने गेला. २५ मीटरवर २८ मिमी, आणि ५० मीटरवर ९० मिमी. त्याची काही छिद्रे गोल नव्हती, लांबट होती. म्हणजे तो लक्ष्यापर्यंत तिरपा होऊन पोहोचत होता.

हे आकडे मी बरेच दिवस समोर ठेवून पाहिले आणि मला वाटते की दोन स्लगांचे आजार वेगळे आहेत. स्लगला झालर नसते. तो केवळ स्वतःभोवती फिरण्याने स्थिर राहतो, त्यामुळे त्याची लांबी आणि नळीतील पीळ (आतील नागमोडी खाचांचा एक पूर्ण फेरा किती लांबीत होतो ते) यांचा मेळ बसावा लागतो. पीळ मोजण्यासाठी मी साफसफाईच्या सळईला घट्ट फेल्ट बसवले, मुठीला मोकळे फिरणारे बेअरिंग होतेच, आणि सळईवर खूण करून ती हळूहळू आत सरकवली. अर्ध्या फेऱ्याला २२५ मिमी लागले, म्हणजे पूर्ण फेरा ४५० मिमीचा. ब्रिटिश गणितज्ञ ग्रीनहिल यांच्या १८७९ मधील जुन्या सूत्रानुसार व्यासाच्या वर्गाला १५० ने गुणून लांबीने भागले की लागणारा पीळ मिळतो. व्हर्नियरने १० ग्रेनचा स्लग ५.३ मिमी आणि १३ ग्रेनचा ६.९ मिमी लांब भरला. त्यावरून पहिल्याला ५७३ मिमीचा पीळही पुरतो, तर दुसऱ्याला ४४० मिमीचा, म्हणजे माझ्या नळीपेक्षा थोडा जलद, हवा. सूत्र ढोबळ आहे आणि आखूड, पोकळ टोकाच्या स्लगसाठी ते तयार झालेले नाही, हे मान्य आहे. तरीही १३ ग्रेनचा स्लग माझ्या नळीत काठावर आहे आणि लांबट छिद्रे तेच सांगत आहेत, असे मी धरून चालतो.

येथे एक गैरसमज दूर करावासा वाटतो. स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवल्यापासून आमच्या भागातील मुलेही ५० मीटरविषयी उत्साहाने बोलतात, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु त्या प्रकारातील .२२ इंची (५.६ मिमी) गोळी सुमारे ४० ग्रेनची असते. तिच्या नळीचा पीळ १६ इंचांचा, म्हणजे ४०६ मिमी असतो, म्हणून ‘तुमचा ४५० जवळपास तेवढाच आहे, पुरेल’ असे मला दोघांनी सांगितले. सूत्रात व्यासाचा वर्ग येतो, त्यामुळे ५.६ मिमीच्या नळीला जे पुरते ते ४.५ मिमीच्या नळीला पुरेलच असे नाही.

माझा खरा प्रश्न १० ग्रेनच्या स्लगविषयी आहे. त्याचा ग्रुप अंतर दुप्पट झाल्यावर जवळजवळ दुप्पटच झाला. याचा अर्थ मी असा लावतो की हवेत तो व्यवस्थित जातो. बिघाड नळीतून सुटण्यापूर्वी किंवा सुटताना होतो. वाऱ्याच्या एका सकाळी मुद्दाम तुलना केली, तेव्हा छर्रा चार बोटे सरकला आणि स्लग जेमतेम दोन बोटे. हा फायदा मला सोडवत नाही.

मग बिघाड कोठे आहे? नळी हवेविरहित अवस्थेत धरून मी स्लग सळईने ढकलून पाहिला. सुरुवातीला तो फारच सहज सरकतो आणि तोंडाजवळच्या शेवटच्या सुमारे ४० मिमीमध्ये एकदम आवळला जातो, कारण नळीला चोक आहे, म्हणजे तोंडाशी ती मुद्दाम किंचित अरुंद केलेली आहे. छर्रा केवळ डोके आणि झालर येथे नळीला टेकतो, म्हणून चोक त्याला एकसारखे करतो. स्लगचा मात्र पूर्ण अंगाचा दंडगोल तेथे दाबला जातो. बाहेर आलेल्या स्लगवर खाचांचे ठसे एका बाजूला खोल आणि दुसऱ्या बाजूला पुसट होते. हा चोकचा परिणाम आहे, की ४.५० मिमीचा स्लग माझ्या नळीला मुळातच सैल असून आधीपासून तिरका बसतो, हे मला ठरवता येत नाही. नळीच्या तोंडाची कड भिंगाखाली स्वच्छ दिसते आणि नळीत शिसे साचलेले नाही.

एका विक्रेत्याने चोकचा भाग कापून तोंड नव्याने करून घेण्याचे सुचवले. हे काम परवानाधारक दुरुस्तीकाराकडूनच करून घेईन. परंतु कापलेली नळी परत जोडता येत नाही, आणि छऱ्याचा ९ मिमीचा ग्रुप गमावण्याची माझी तयारी नाही. चोक नसलेली, जलद पिळाची दुसरी नळी घेतली तर रायफलच्या निम्म्या किमतीएवढा खर्च येतो. तिसरा मार्ग ४.५२ मिमीचे, १० ग्रेनच्या आसपासचे स्लग याच नळीत वापरून पाहण्याचा, जो सर्वांत स्वस्त आहे आणि माझा कल तिकडेच आहे.

ज्यांनी २० जूलच्या आत, ४.५ मिमीच्या चोक असलेल्या नळीतून स्लग मारले आहेत, त्यांना व्यास वाढवल्याने फरक पडला का? की चोक असेपर्यंत मापाचा खेळ व्यर्थ आहे? आणि जलद पिळाच्या नळीत बदल केलेल्यांचे छऱ्यांचे ग्रुप बिघडले का? उत्तरात पीळ, स्लगचे वजन, व्यास, वेग आणि २५ व ५० मीटर या दोन्ही अंतरांवरील ग्रुप दिले, तर माझ्या आकड्यांशी ताडून पाहता येईल.

मृग लागेपर्यंत रान मोकळे आहे. एकदा सोयाबीन आणि तूर पेरली की लक्ष्यापर्यंत चालत जाता येत नाही, आणि मग ५० मीटरचा पल्ला थेट सुगीनंतरच मिळतो. त्यामुळे स्लगचे डबे या पंधरवड्यात मागवावे लागतील.