सीसीची अट कालबाह्यच

टॅक्सीच्या परवान्याच्या अटींवरील चर्चेत एकाने म्हटले आहे की परवान्यासाठी असलेली इंजिनाच्या किमान सीसीची, म्हणजे आकारमानाची, अट काढली, तर भरलेली गाडी घाटात दम तोडेल. नाशिककर म्हणून ही काळजी मला पटते, कारण नाशिकरोड स्थानकावर उतरलेले पाच जणांचे कुटुंब सामानासह वणीच्या गडावर निघते, तेव्हा गडाच्या पायथ्याच्या नांदुरीनंतरच्या चढावर गाडीचा खरा कस लागतो. परंतु त्यावर सीसी हा उपाय नव्हे. सीसी म्हणजे सिलिंडरमध्ये पिस्टन जेवढ्या जागेत सरकतो तिचे घन सेंटिमीटरमधील आकारमान, आणि त्यातून किती शक्ती मिळते हे तंत्रज्ञानावर ठरते. प्रीमिअर पद्मिनीचे १०८९ सीसीचे इंजिन सुमारे ४० अश्वशक्ती देत असे, तर आज ह्युंदाई व्हेन्यूचे ९९८ सीसीचे टर्बो इंजिन सुमारे १२० देते. शिवाय तेच इंजिन सीएनजीवर चालवले की शक्ती घटते. सीसी मात्र तेवढेच राहते!

विजेच्या गाडीला तर सीसीच नसते. केंद्राने २०१८ मध्ये अशा वाहनांना परवाना घेण्याच्या अटीतूनच सूट दिली, म्हणजे मोजमापाचा हा प्रश्न तेव्हाच उघड झाला होता.

माझ्या मते अट हवीच, पण ती भरलेल्या गाडीच्या वजनामागे किती किलोवॅट शक्ती आहे, सामानासाठी किती जागा उरते आणि ब्रेक कसे आहेत यांवर असावी. अनेक गाड्यांत सीएनजीची टाकी डिकी व्यापते, हा प्रवाशांचा रोजचा त्रास सीसीच्या आकड्यात कुठेच दिसत नाही. सिंहस्थासाठी नव्या टॅक्सी रस्त्यावर येण्यापूर्वी हा बदल व्हावा, असे मला मनापासून वाटते.