शब्दचर्चा: पड, पडीक, माळरान आणि पिकाचा 'जोम'

नमस्कार मंडळी, सॅटेलाइट इमेजवरून सोलापूर जिल्ह्यातल्या काही गावांचा लँड यूजचा नकाशा करतोय, तो ग्रामपंचायतीत लावायचाय म्हणून त्याची सूची (कुठला रंग कशाचा ते) मराठीत हवीये. दोन ठिकाणी अडलोय. लँड यूज (जमीन कशासाठी वापरतात) आणि लँड कव्हर (जमिनीवर काय दिसतं) दोन्हीला सर्रास 'भूवापर' म्हणतात, मग फरक कसा दाखवायचा? आणि एनडीव्हीआयच्या, म्हणजे इमेजवरून हिरवाई मोजणाऱ्या आकड्याच्या, नकाशाला 'वनस्पतींचे आरोग्य' हे शीर्षक चालेल का?

*

लँड यूजला शाळेच्या भूगोलात 'भूमी उपयोजन' आहेच, कव्हरला 'भू-आच्छादन' घ्या. उपग्रहाला दिसतं ते फक्त आच्छादन, उपयोग आपण ठरवतो. मंगळवेढ्याकडची काळी रानं एप्रिलमध्ये बघा, ज्वारी कधीच निघालेली असते, इमेजमध्ये नुसती उघडी माती, पण ती शेतीच आहे ना! एकाच तारखेची इमेज घेतली की असं कसदार रान थेट 'पडीक'च्या रंगात जातं. खरीप, रब्बी, उन्हाळा अशा तिन्ही हंगामांच्या इमेज लावा, पावसाळ्यात ढगांमुळे काही दिसत नसेल तर सेंटिनेल-१ उपग्रहाचं रडार वापरा, ते ढगातूनही बघतं.

आणि 'पड' वेगळी, 'पडीक' वेगळी. यंदा पेरलं नाही ती चालू पड, पुढच्या वर्षी त्यात पीक असेल; वर्षानुवर्षं पेरतच नाहीत ती पडीक. दोन्ही एका रंगात घालू नका प्लीज.

*

'आरोग्य' मला खटकतंय. एनडीव्हीआय मोजतो काय, तर हिरवं पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि डोळ्याला न दिसणारा निअर इन्फ्रारेड जोरात परत फेकतं, त्या दोघांतला फरक भागिले त्यांची बेरीज. उत्तर उणे १ ते अधिक १ च्या मधे. पाणी बहुतेक शून्याखाली, उघडी माती ०.१ - ०.२ च्या आसपास, दाट पीक ०.७ - ०.८ पर्यंत. म्हणजे हिरवा पाला किती आहे एवढंच कळतं, रोग पडलाय की पाणी कमी पडलंय की पेरणीच उशिरा झालीये ते रानात जाऊनच बघावं लागतं. आपल्याकडे शेतकरी 'पीक जोमात आहे' म्हणतात, त्यात पाला, वाढ, तजेला सगळं आलं. मी तर 'पिकाचा जोम' लिहीन.

अजून एक शब्द आहे, 'काळोखी'. उसाला खत लागू पडलं की पान गर्द हिरवं होतं ती काळोखी, आणि गंमत म्हणजे ऊस दाटला की एनडीव्हीआय वर जाऊन तिथेच अडकतो, काळोखी कमी झाली तरी आकडा फारसा हलत नाही. त्यासाठी सेंटिनेल-२ उपग्रहाचे रेड एजचे (लाल आणि इन्फ्रारेडच्या मधल्या प्रकाशाचे) बँड वापरतात, त्यांचा एक पिक्सेल २० मीटरचा असतो, लाल आणि इन्फ्रारेडचा १० मीटरचा, त्यामुळे लहान तुकड्यांच्या रानात बांधाशेजारचे पिक्सेल सोडूनच द्या.

*

मला माळरानाबद्दल बोलायचंय. नकाशांच्या सूचीत माळरान वर्षानुवर्षं 'पडीक जमीन' म्हणून रंगवलं जातंय आणि एकदा पडीक म्हटलं की तिथे झाडं लावा, प्रकल्प आणा असं सुरू होतं. अहो, लांडगा, चिंकारा, माळढोक यांचं घर आहे ते! मेंढपाळांची जित्राबं त्याच गवतावर जगतात. एप्रिलमध्ये गवत वाळलं की एनडीव्हीआय पार खाली येणारच, तो त्या गवताचा नेहमीचा क्रम आहे. उलट वेडी बाभूळ घुसली की भर उन्हाळ्यात आकडा वर जातो आणि नकाशा म्हणतो आरोग्य सुधारलं, खाली गवत मात्र मरत असतं. म्हणून सूचीत 'माळरान' हाच शब्द हवा, आणि वेडी बाभूळ वेगळी दाखवता आली तर फारच छान.

*

धन्यवाद सगळ्यांना. मग असं करतो, शीर्षक 'पिकांचा जोम' पण फक्त शेतीच्या भागावर, माळरान स्वतंत्र रंगात, पड आणि पडीक वेगळे. आणि गायरान कुठे टाकू?

*

गायरान हे आच्छादन नाहीच, त्यावर गवत असेल, झुडपं असतील नाहीतर घरंही असतील. त्याची हद्द गावनकाशावरून घ्या आणि वरून नुसती रेघ मारा, आतले रंग इमेजमध्ये दिसतील तसेच राहू देत.