युधिष्ठिर नक्की कशासाठी खेळला?

वडाची_पारंबी:
महाभारतातलं सभापर्व परत वाचायला घेतलंय आणि एका जागी अडकलोय. विदुर धृतराष्ट्राचा द्यूत खेळायला या असा निरोप घेऊन येतो तेव्हा युधिष्ठिर स्वतःच म्हणतो की द्यूतातून भांडणं होतात, मग विचारतो समोर कोण कोण बसणार, शकुनी वगैरे नावं ऐकून हे सगळे कपटी आहेत हेही बोलून दाखवतो, आणि तरी निघतो! का, तर बोलावलं की मागे फिरायचं नाही हे माझं व्रत. मला हे काही पटत नाहीये.

आजोबा६२:
अहो, धृतराष्ट्राचा निरोप म्हणजे बापाच्या जागी असलेल्याची आज्ञा. त्यात नुकताच सम्राटपदाचा राजसूय यज्ञ झालेला, सम्राट फाशांना घाबरला अशी बोंब झाली असती. आजचा चष्मा लावून बघू नका.

मिरची_भजी:
आजोबा, मग वनपर्वाचं काय करायचं? भीम त्याला नाही नाही ते बोलतो तेव्हा हाच म्हणतो की दुर्योधनाचं राज्य घ्यावं म्हणून मी फासे धरले. स्वतःच्या तोंडाने! पुढे म्हणतो की फासे शकुनीच्या मनासारखे पडतायत हे दिसत होतं, तेव्हाच स्वतःला आवरता आलं असतं, पण रागाने धीर सुटला. म्हणजे लोभाने बसला आणि इरेला पेटून हरत गेला. व्रत बित लोकांना सांगायला. आणि आधी नकुल सहदेव लावले, मग शकुनीने टोमणा मारला की माद्रीची पोरं लावलीस, भीम अर्जुन जास्त लाडके वाटतं, त्यावर चिडला आणि अर्जुन लावला. ही कसली धर्मबुद्धी.

वडाची_पारंबी:
हे वनपर्वाचं लक्षातच नव्हतं, भारी. पण दुसऱ्या डावाला कुठला लोभ? द्रौपदीमुळे सुटले, सगळं परत मिळालं, अर्ध्या वाटेतून बोलावणं आलं आणि हा परत गेला, तेही १२ वर्षं वनवास आणि १ वर्ष अज्ञातवास अशा पणावर.

आजोबा६२:
तेच म्हणतोय, तिथे आज्ञाच होती.

काळी_मांजर:
मला तरी सरळ नाद वाटतो. शकुनीच सांगतो ना, याला द्यूत आवडतं पण खेळता येत नाही. आणि अज्ञातवासात वेष कुठला घेतला, तर विराटाकडे कंक, फासे खेळवणारा! एवढं सगळं होऊन! बृहदश्व ऋषींनी मधे वनवासात अक्षविद्या, म्हणजे फाशांची विद्या, शिकवली म्हणून असेल, पण बाकी काही सुचलं नाही का याला?

मिरची_भजी:
😂 भीम निदान स्वयंपाकघरात गेला.