मुक्त आकारमान वाढले की श्यानता का कोसळते

‘तापवल्यावर रेणूंची ऊर्जा वाढते, म्हणून बहुवारिकाची (लांब साखळीसारखे रेणू असलेल्या पदार्थाची, म्हणजे पॉलिमरची) श्यानता (वाहण्याला होणारा विरोध) घटते’ असे स्पष्टीकरण दिले जाते. ते चूक नाही, पण अपुरे आहे. आमच्याकडे वर्धा जिल्ह्यात ओलिताची लाइन जोडताना पीव्हीसी पाइपाचे टोक पऱ्हाटीच्या जाळावर फिरवतात; बराच वेळ ते कडकच राहते आणि मग एकाएकी इतके मऊ पडते, की दुसरा पाइप त्यात हाताने सरकवता येतो. हा बदल सुमारे 80 अंश सेल्सिअसला, म्हणजे पीव्हीसीच्या काच-संक्रमण तापमानापाशी (ज्याखाली बहुवारिक काचेसारखे कडक असते आणि ज्यावर मऊ पडते त्या तापमानापाशी) होतो.

साखळीचा तुकडा हलायचा तर ऊर्जेइतकीच शेजारी रिकामी जागाही लागते. डूलिटल यांनी 1951 मध्ये मांडलेल्या समीकरणानुसार श्यानता या रिकाम्या जागेच्या, म्हणजे मुक्त आकारमानाच्या, व्यस्ताशी घातांकी नात्याने बांधलेली असते; म्हणजे जागा थोडी वाढली तरी श्यानता कित्येक पटींनी घटते. तापमानानुसार श्यानता कशी बदलते हे सांगणाऱ्या विल्यम्स, लँडेल आणि फेरी यांच्या 1955 च्या सूत्रातील सर्वसाधारण स्थिरांक घेतले, तर काच-संक्रमण तापमानाला मुक्त जागा एकूण आकारमानाच्या जेमतेम 2.5 टक्के असते. तेथून 10 अंश वर गेल्यावर ती 3 टक्क्यांच्या आसपास पोचते आणि तेवढ्यानेच श्यानता सुमारे 700 पटींनी उतरते. अर्ध्या टक्क्याची ही करामत मला आजही थक्क करते.

फवारणीच्या मऊ नळीत हेच काम जाळाऐवजी प्लास्टिसायझर (प्लास्टिक मऊ करण्यासाठी त्यात मिसळलेला पदार्थ) करतो. मात्र काच-संक्रमणाच्या 100 अंश वर जागा मुबलक होते, आणि तेथे सुरुवातीचे ऊर्जेचे स्पष्टीकरणच अधिक लागू पडते.