घरी काडतुसं भरताना: साधा प्रेस की प्रोग्रेसिव्ह?

धागालेखक:
कायद्याने परवानगी आहे तिथे घरी काडतुसं पुन्हा भरणाऱ्यांसाठी, म्हणजे वापरलेल्या पुंगळीत (काडतुसाच्या धातूच्या नळकांड्यात) नवा प्राइमर (ठिणगी देणारी टोपी), बंदुकीची दारू आणि गोळी बसवणाऱ्यांसाठी, हा धागा. माझं मत आधीच सांगून टाकतो. नव्या माणसाने पहिलं वर्षभर प्रोग्रेसिव्ह प्रेसला, म्हणजे दांड्याच्या एका ओढीत अनेक पुंगळ्यांवर वेगवेगळी कामं करणाऱ्या यंत्राला, हात लावू नये. साधा प्रेस घ्यावा, एका वेळी एकच काम करावं आणि दारू घातल्यावर प्रत्येक पुंगळीत बॅटरी मारून डोळ्यांनी बघावं.

दोन वर्षांपूर्वी रेंजवर माझ्या रिव्हॉल्वरमधून नीट बारच निघाला नाही. ‘फट्’ असा दबका आवाज आला, हाताला धक्काही नेहमीसारखा बसला नाही. मी पुन्हा चाप ओढणार तेवढ्यात शेजारचा नेमबाज ओरडला, "थांबा!" रिव्हॉल्वर रिकामं करून नळीत गज घातला तर तो अर्ध्यातच अडला. त्या पुंगळीत दारूच पडली नव्हती, एकट्या प्राइमरने गोळी नळीत ढकलली होती. तिच्यामागून दुसरी गेली असती तर नळी फुगली असती, नाहीतर फाटली असती. ती काडतुसं मी प्रोग्रेसिव्हवर भरली होती, गप्पा मारत.

प्रतिसाद १:
तुम्ही वाचलात याचा मनापासून आनंद आहे, पण निष्कर्ष पटला नाही. दोष गप्पांचा आहे, प्रेसचा नाही. ज्या प्रोग्रेसिव्हची पुंगळ्या धरणारी चकती आपोआप फिरते त्यात दांडा ओढला की पुंगळी पुढच्या घरात जाते, तीच पुन्हा दारूखाली येत नाही. साध्या प्रेसवर काय होतं? ठोकळ्यात ५० पुंगळ्या तोंड उघडून उभ्या. मधेच कोणी हाक मारली, उठलात, परत आलात. २३वी भरून झाली होती की भरायची होती? दुप्पट दारू पडते ती अशा वेळी. आणि रिकाम्या पुंगळीपेक्षा दुप्पट भरलेली जास्त भयंकर, कारण ती आवाज करून सावध करत नाही, पहिल्याच बाराला बंदूक फोडते.

धागालेखक:
दुपटीचं मान्य. पण प्रेस अडकला की तुमचा तो क्रमच मोडतो. प्राइमर तिरका बसला, दांडा अर्ध्यातून मागे घेतला, चकती हाताने फिरवली, मग कुठल्या पुंगळीत काय आहे ते देव जाणे.

पॉइंट ३८ स्पेशल भरणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. हे काडतूस काळ्या दारूच्या जमान्यातलं, म्हणून पुंगळी ऐसपैस. आजची झपाट्याने जळणारी धूरविरहित दारू तिच्या तळाशी जेमतेम दिसते. दुप्पट पडली तरी वर येत नाही. म्हणून मी भारपुस्तिकेतली (कुठली दारू किती घालायची ते सांगणाऱ्या पुस्तिकेतली) अशी फुगीर दारू निवडतो, जी दुप्पट पडली तर पुंगळीबाहेर सांडलीच पाहिजे.

प्रतिसाद २:
एवढा खटाटोप कशाला? मी तयार काडतूस काट्यावर ठेवतो. कमीजास्त निघालं की बाजूला.

प्रतिसाद १:
कृपया यावर विसंबू नका. पिस्तुलाच्या काडतुसात दारू असते ४-५ ग्रेन (ग्रेन म्हणजे वजनाचं बारीक एकक). वेगवेगळ्या बनावटीच्या पुंगळ्यांच्या वजनातच जवळपास तेवढा फरक पडतो, वर गोळीचा फरक वेगळा. जड पुंगळी बिनदारूची असली तरी काट्यावर खपून जाते. दारू दिसेल ती गोळी बसवण्याआधीच.

काट्याचं निघालंच आहे म्हणून सांगतो, एकक दर वेळी बघा. १ ग्रॅम म्हणजे १५.४३ ग्रेन. बटणाला बोट लागून एकक बदललं तर आकडा तोच दिसेल आणि दारू पंधरापट पडेल. माहीत असलेलं तपासणीचं वजन ठेवून काटा आधी पारखा.

प्रतिसाद ३:
तुम्ही दोघंही स्फोटाविषयीच बोलताय. माझ्या घरात दोन लहान मुलं आहेत आणि नवरा वापरलेल्या पुंगळ्या साफ करायला कोरड्या ड्रममध्ये घोळवायचा, तेही बैठकीच्या खोलीत. झाकण उघडलं की राखाडी धूळ उडायची. ती शिशाची. रक्त तपासलं तेव्हा धाकटीचं शिसं वाढलेलं निघालं. अमेरिकेच्या सीडीसीने (तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने) मुलांच्या रक्तातल्या शिशाची संदर्भ पातळी २०२१ मध्ये ५ वरून ३.५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरवर आणली, आणि त्याखाली सगळं सुरक्षित असंही कोणी म्हणत नाही. प्रेस कुठलाही घ्या, पण त्या बाकापाशी मुलांना येऊ देऊ नका.

प्रतिसाद २:
मी तांब्याच्या आवरणाच्या गोळ्या वापरतो, मला शिशाचा प्रश्न नाही.

प्रतिसाद ३:
आहे. बहुतेक प्राइमरमध्ये लेड स्टिफनेट हे शिशाचं संयुग असतं. बार झाल्यावर त्याची राख पुंगळीतच राहते, गोळी कुठलीही असो. आम्ही आता पुंगळ्या पाण्यात घोळवतो, बाक ओल्या फडक्याने पुसतो, झाडू मारत नाही. तिथे चहासुद्धा नाही, आणि कपडे वेगळे धुतो.

प्रतिसाद २:
हे करून बघतो. दारू मात्र माझी पक्की आहे, जाड पोलादी पेटीत घट्ट बंद.

धागालेखक:
ती आजच काढा. धूरविरहित दारू उघड्यावर नुसती भडकून जळते. घट्ट धातूच्या पेटीत आग लागली तर दाब कोंडतो आणि पेटीचा बॉम्ब होतो. मूळ डब्यातच ठेवा, थंड कोरड्या जागी, आणि कपाट दाबाने सहज उघडेल असं लाकडी असू द्या. डबा उघडल्यावर आंबूस उग्र वास आला किंवा तांबूस वाफ दिसली तर ती दारू बिघडली, वापरू नका. प्राइमर त्यांच्याच खोक्यात, बरणीत ओतून कधीच नाही.

प्रतिसाद १:
आणि बाकावर एका वेळी दारूचा एकच डबा. काम संपलं की मापातली उरलेली त्याच डब्यात परत. प्रेसवरचं आपलं एकमत होणार नाही, पण तुमच्या साध्या प्रेसवाल्यांसाठी एक सांगतो. ठोकळ्यात रिकाम्या पुंगळ्या उलट्या ठेवा. एक उचला, सुलटी करा, दारू घाला, आत बघा, लगेच गोळी बसवा. उघडी, भरलेली पुंगळी ठोकळ्यात परत जायलाच नको.